विश्लेषण : बैलाला पळवतो कोण, मेंदू की मज्जारज्जू?

दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळतात. शनिवार पेठ, सागरमाळ, कसबा बावडा, पंचगंगा घाट या भागांत शिंगे रंगवलेल्या, गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेल्या म्हशी सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलींच्या मागे धावत सुटतात. म्हैस ओढलेली नसते. दुचाकीवरून मालक हाक देतो आणि त्या आवाजामागे ती पळते. एरवी डांबरी रस्त्यावर वाहतूक अडवून संथ चालणारे हे जनावर क्षणात चौखूर कसे होते, हा प्रश्न पाहणाऱ्यांना दरवर्षी पडतो. कोल्हापूर-सांगलीच्या बैलगाडी मैदानांत हाच प्रश्न वेगळ्या आणि अधिक तापलेल्या स्वरूपात विचारला जातो, तो म्हणजे बैल हा मुळात पळणारा प्राणी आहे का? सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या या वादाला विज्ञानाची एक बाजू आहे आणि ती मैदानात किंवा न्यायालयात फारशी ऐकू आलेली नाही. धावण्याचा ताल मेंदूत तयार होत नाही. तो पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूत तयार होतो. तो नेमका कसा तयार होतो, याविषयीची जुनी समजूत गेल्या काही वर्षांत बदलू लागली आहे.

वाद नेमका कशाचा?

केंद्र सरकारने 11 जुलै 2011 च्या अधिसूचनेद्वारे प्रदर्शन व खेळासाठी वापरण्यास बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. त्यानंतर 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यती, दोन्हींवर बंदी कायम केली. बैलाची शरीररचना अशा खेळासाठी नाही, त्याला तसे करण्यास भाग पाडले जाते, हा त्या निकालातील एक महत्त्वाचा मुद्दा होता. 2017 मध्ये महाराष्ट्राने प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे शर्यती सुरू होऊ शकल्या नाहीत. बैलांच्या धावण्याच्या क्षमतेविषयी तयार करून घेतलेला अहवाल राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवला. बैल पळू शकतो, असा त्याचा सूर होता. 16 डिसेंबर 2021 रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

म्हणजे एका टप्प्यावर ‘बैलाचे शरीर यासाठी नाही’ असे म्हटले गेले आणि दुसऱ्या टप्प्यावर ‘बैल पळू शकतो’ असे मांडले गेले. दोन्ही विधानांत शरीराचा हवाला आहे. मग शरीर काय सांगते?

ताल मेंदूत नाही, हे कशावरून?

मान कापलेली कोंबडी काही क्षण पाय झाडते, प्रसंगी धावतेही, हे खेड्यात वाढलेल्या कोणालाही ठाऊक असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र शास्त्रज्ञांची समजूत वेगळी होती. पाऊल जमिनीला टेकले की त्याची संवेदना वर जाते, त्यातून पुढचे पाऊल उचलले जाते आणि अशा प्रतिक्षिप्त क्रियांच्या साखळीतून चाल बनते, असे मानले जाई. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम ब्राऊन यांनी 1911 मध्ये या समजुतीला धक्का दिला. मांजराच्या मज्जारज्जूचा मेंदूशी असलेला संबंध तोडूनही आणि पायांकडून येणाऱ्या संवेदनांच्या नसा कापूनही मागच्या पायांचे स्नायू आळीपाळीने आकुंचन पावत राहिले. वरून हुकूम नव्हता, खालून खबर नव्हती, तरी ताल चालू होता. (हेच ग्रॅहम ब्राऊन पुढे गिर्यारोहक म्हणून अधिक गाजले. माँ ब्लाँ पर्वताच्या अवघड बाजूने काढलेल्या त्यांच्या वाटा आजही गिर्यारोहकांना माहीत आहेत. त्यांचे मज्जारज्जूवरील काम मात्र पुढची काही दशके दुर्लक्षितच राहिले.)

त्यांनी मांडलेली कल्पना सोपी होती. मज्जारज्जूत चेतापेशींचे दोन गट असावेत. एक गट पाय वाकवणाऱ्या स्नायूंना चालवतो, दुसरा पाय ताणणाऱ्या स्नायूंना. एक गट चालू असताना तो दुसऱ्याला दाबून ठेवतो. पहिला थकला की दुसरा उसळतो. एकाच उखळात दोन बायका दोन मुसळांनी कांडतात तेव्हा एकीचे मुसळ वर, दुसरीचे खाली असते, तसेच हे. पाठ्यपुस्तकांत हेच चित्र जवळजवळ शंभर वर्षे राहिले. पोहणे, चालणे, खाजवणे, चावणे अशा तालबद्ध हालचाली घडवणाऱ्या या जाळ्यांना पुढे ‘सेंट्रल पॅटर्न जनरेटर’ असे नाव मिळाले. मराठीत त्यांना तालजनक जाळी म्हणता येईल.

मग मेंदू काय करतो?

सुरुवात करतो, थांबवतो आणि जोर ठरवतो. 1966 मध्ये मॉस्कोत शिक, सेव्हेरिन आणि ऑर्लोव्हस्की यांनी केलेला प्रयोग या विषयातील मैलाचा दगड मानला जातो. मोठ्या मेंदूशी संबंध तोडलेल्या मांजराला त्यांनी सरकत्या पट्ट्यावर ठेवले आणि मेंदूच्या देठाजवळील एका लहानशा भागाला विजेचे हलके स्पंद दिले. मांजर चालू लागले. स्पंदांचा जोर वाढवला तसे ते दुडक्या चालीवर आले आणि आणखी वाढवल्यावर चौखूर पळू लागले. वरून जाणारा संदेश म्हणजे ‘कमी’ किंवा ‘जास्त’, इतकाच. कोणता पाय कधी उचलायचा, कोणता टेकवायचा, ही सगळी जुळणी खाली मज्जारज्जूत होत होती.

थांबण्याचेही तसेच आहे. मेंदूच्या देठात हालचाल थांबवणाऱ्या स्वतंत्र चेतापेशी असतात, हे 2015 मध्ये उंदरांवरील संशोधनातून पुढे आले. उभे राहणे म्हणजे निव्वळ हुकूम बंद होणे नव्हे. ‘थांब’ हाही वेगळा हुकूम असतो.

बैलाच्या बाबतीत हे कसे दिसते, ते पाहण्यासाठी मैदान गाठायची गरज नाही. शेताच्या बांधावर उभे राहिले तरी पुरे. सावकाश चालताना मागचा डावा, पुढचा डावा, मग मागचा उजवा, पुढचा उजवा असा पावलांचा क्रम असतो. दुडक्या चालीत कर्णरेषेतील दोन पाय, म्हणजे पुढचा उजवा आणि मागचा डावा, एकदम उचलले जातात. चौखूर पळताना मागचे दोन्ही पाय जवळजवळ एकत्र मारा करतात. गाडीचे गिअर बदलावेत तसे हे टप्पे बदलतात. पुढच्या पायांची जाळी मानेच्या तळाशी, मागच्या पायांची कमरेच्या भागात, आणि त्यांना जोडणारे लांब तंतू मज्जारज्जूतून धावत असतात.

या ‘गिअर’मागच्या पेशींची ओळखही आता पटू लागली आहे. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधील ओले कीन यांच्या गटाने 2013 मध्ये दाखवले की मज्जारज्जूच्या डाव्या-उजव्या बाजूंना जोडणाऱ्या पेशींचा एक विशिष्ट प्रकार काढून टाकला, तर उंदराला साधी चाल जमत नाही. दुसरा प्रकार काढला तर दुडकी चाल जाते. दोन्ही काढले तर उंदीर सशासारखे उड्या मारत जातो. त्याच्या एक वर्ष आधी आइसलँडच्या घोड्यांवरील संशोधनाने घोडेशौकिनांनाही चकित केले होते. एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकण्याची त्यांची खास चाल डीएमआरटी 3 नावाच्या जनुकातील एका अक्षराच्या बदलाशी जोडलेली निघाली आणि हे जनुक काम करते ते मज्जारज्जूतील पेशींत. चाल ही खुरात किंवा मांडीत असते असे वाटते. त्या घोड्यांच्या बाबतीत ती पाठीच्या कण्यात सापडली.

नवे काय कळले?

दोन मुसळांच्या चित्राला मोठा प्रश्न विचारला तो कोपनहेगन विद्यापीठातील रूने बर्ग यांच्या गटाने. ऑक्टोबर 2022 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. प्रयोग कासवांवर होता. कासवाच्या ऊतींना कमी ऑक्सिजनवरही तग धरता येतो, म्हणून अशा नोंदींसाठी ते सोयीचे. कासवाच्या कवचावर ठरावीक जागी स्पर्श केला की त्याचा मागचा पाय तालात खाजवू लागतो. मेंदूचा त्यात सहभाग लागत नाही. या हालचालीच्या वेळी मज्जारज्जूच्या कमरेच्या भागातील शेकडो चेतापेशींच्या हालचाली एकाच वेळी टिपण्यात आल्या. पूर्वीच्या प्रयोगांत एकेक किंवा मोजक्याच पेशी ऐकता येत. फरक इथेच पडला.

पेशींचे दोनच गट असते, तर निम्म्या पेशी एका क्षणी आणि निम्म्या दुसऱ्या क्षणी जाग्या दिसायला हव्या होत्या. तसे दिसले नाही. तालाच्या प्रत्येक टप्प्यावर कोणत्या ना कोणत्या पेशी ऐन भरात होत्या. एका समूहाचा जोर ओसरत असताना शेजारचा चढत होता, मग त्यापुढचा. स्टेडियममध्ये प्रेक्षक ओळीने उभे राहतात आणि लाट मैदानाला फेरी घालून पुन्हा पहिल्या गॅलरीत येते, तसे. अधेमधे शांततेचा क्षण नाही. संशोधकांनी याला फिरती गती म्हटले. मुसळ वर-खाली होते; इथे मात्र घाणा फिरतो.

या चित्राचा एक फायदा असा की त्यात वेग आणि जोर वेगळे करता येतात. फेरी किती लवकर पूर्ण होते त्यावर तालाची गती ठरते आणि फेरीचा घेर किती मोठा त्यावर स्नायूंचा जोर. गाडी ओढणारा बैल संथ पण दमदार पावले टाकतो, मोकळा गोऱ्हा हलक्या पावलांनी भराभर पळतो. दोन गटांच्या जुन्या चित्रात हा फरक समजावणे कठीण जात असे. शिवाय घड्याळाच्या लोलकासारख्या, ताल देणाऱ्या खास पेशी शोधण्याचा अट्टहासही या चित्रात लागत नाही. पेशींच्या आपसांतील जोडणीतूनच फेरी सुरू होते.

अर्थात, यामुळे आधीचे सगळे मोडीत निघाले असे नाही. उंदीर व मासे यांच्यात वेगवेगळ्या वेगांना वेगवेगळे पेशीप्रकार पुढे येतात, हेही पक्क्या नोंदींवर उभे आहे. पेशींचे ‘प्रकार’ शोधणारे आणि जाळ्याची ‘एकत्रित गती’ पाहणारे, असे या क्षेत्रात सध्या दोन कल आहेत. दोघांचे पटणारच नाही, असे मानण्याचे कारण दिसत नाही. आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. हे प्रयोग मांजर, उंदीर, कासव, मासे यांच्यावर झालेले आहेत, बैलावर नाहीत. मात्र मज्जारज्जूत ताल आणि वरून हुकूम ही मूळ रचना पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत इतकी समान आढळते की बैल त्याला अपवाद असण्याची शक्यता नाही.

माणसांना याचा काय उपयोग?

दुचाकीच्या अपघातात किंवा झाडावरून पडून मज्जारज्जूला इजा झालेला तरुण ज्या घरात आहे, त्या घराला हा प्रश्न सर्वांत जवळचा. अशा रुग्णांत अनेकदा इजेच्या खालचा मज्जारज्जू जिवंत असतो. तालाचे जाळे जागेवर असते, हुकूम मात्र पोहोचत नाही. याच समजावर गेल्या दशकातील प्रयोग उभे आहेत. अमेरिकेतील लुइव्हिल येथे 2011 मध्ये आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये ग्रेग्वार कुर्तीन व शस्त्रचिकित्सक जोसेलिन ब्लॉक यांच्या गटाने मज्जारज्जूच्या आवरणावर इलेक्ट्रोड बसवून, ठरावीक वेळी ठरावीक जागी विजेचे सौम्य स्पंद देऊन रुग्णांना उभे केले, चालवले. 2022 मध्ये याच स्विस गटाने नऊ रुग्णांच्या उपचारांतून एक अनपेक्षित निरीक्षण मांडले. चालणे सुधारत गेले तसे मज्जारज्जूतील एकूण सक्रियता वाढण्याऐवजी कमी झाली. जणू गोंधळ कमी होऊन नेमक्या पेशी कामाला लागल्या. उंदरांवरील समांतर प्रयोगात त्या पेशींचा एक गट ओळखताही आला. 2023 मध्ये गर्ट-यान ओस्काम या डच गृहस्थाच्या मेंदूतील संकेत थेट मज्जारज्जूवरील यंत्राला जोडण्यात आले. सायकल अपघातानंतर बारा वर्षांनी ते जिना चढू शकले आणि यंत्र बंद असतानाही कुबड्यांच्या आधाराने काही पावले टाकू शकले. ही शस्त्रक्रिया अजून मोजक्या रुग्णांपुरती, प्रयोगाच्या टप्प्यावर आहे. ‘करंट देऊन पाय चालू करून देतो’ असे सांगणाऱ्या कोणत्याही जाहिरातीचा या संशोधनाशी संबंध जोडू नये.

शर्यतीच्या वादात हे कुठे बसते?

करंट हा शब्द मैदानालाही नवा नाही. बंदीपूर्वीच्या तक्रारींत चाबूक, खिळे लावलेली पराणी, शेपटी पिरगळणे, शेपटी चावणे यांच्या जोडीला बॅटरीचा शॉक हाही प्रकार होता. रुग्णाला दिलेले स्पंद मज्जारज्जूत शिरणाऱ्या निवडक तंतूंना जागे करतात. बैलाच्या पुठ्ठ्यावर लावलेला शॉक त्वचेतील वेदनेच्या नसा पेटवतो. ती वेदना मेंदूपर्यंत जाते, भीती जागी होते आणि पळून जाण्याचा हुकूम खाली सुटतो. बैल सुसाट धावतो, चारही पायांची जुळणी अचूक असते आणि पाहणाऱ्याला वाटते की बैल ‘लागला’. खाली फिरणारे जाळे मात्र तेच असते, जे पाडव्याला मालकाच्या हाकेमागे धावणाऱ्या म्हशीत असते. पावलांचा ताल पाहून, वरून आलेला हुकूम हाकेचा होता की वेदनेचा, हे ओळखता येत नाही.

म्हणूनच ‘बैल पळू शकतो का’ हा प्रश्न चुकीचा वाटतो. पळण्याचे जाळे बैलात आहेच. वाघ मागे लागला असता ते नसून कसे चालले असते? बैलाचे शरीर पळण्यासाठी नाही, हे विधान त्या अर्थाने कच्चे. पण बैल पळू शकतो, म्हणून त्याला पळवणे निर्दोष, हे त्याहून कच्चे. तालजनक जाळे क्षमतेविषयी सांगते, इच्छेविषयी नाही. फुप्फुसे, हृदय, वाढते शरीर-तापमान, खुरांवर आणि सांध्यांवर येणारा मार यांविषयी तर ते अजिबातच सांगत नाही. पावले तालात पडत आहेत याचा अर्थ जनावर दमलेले नाही, असा होत नाही.

कायद्याने प्रत्यक्षात हीच वाट धरली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. 2023 च्या निकालात न्यायालय बैलाच्या शरीररचनेवर अडून बसले नाही. राज्यांच्या दुरुस्त्या व नियमांमुळे वेदना आणि क्रूरता बऱ्याच प्रमाणात कमी होते, हा आधार घेतला गेला. नियम काटेकोरपणे पाळले जातील याची जबाबदारी जिल्हा दंडाधिकारी आणि सक्षम अधिकाऱ्यांवर टाकण्यात आली. महाराष्ट्राच्या नियमांत धावेच्या अंतराला एक हजार मीटरची मर्यादा आहे, चाबूक, काठी, शॉक यांना मनाई आहे आणि शर्यतीआधी पशुवैद्यकाकडून तपासणी बंधनकारक आहे. उल्लंघन झाल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणजे बैल कसा पळतो यापेक्षा त्याला कशाने पळवले, यावर नजर आहे. अडचण अशी की पळण्याचा हुकूम कशाने सुटला, हे सुटण्याच्या जागी उभे राहिल्याखेरीज दिसत नाही. प्रेक्षक आणि मोबाइल कॅमेरे बहुधा निकालाच्या रेषेवर असतात.

पशुवैद्यकाला काय दिसू शकते?

वेदनेचा हुकूम तालात दिसत नसला, तरी पायातील वेदना दिसते. मज्जारज्जूतील जाळे एकटे चालू शकते, पण धडधाकट जनावरात त्याला पायाकडून सतत खबर मिळत असते. खूर दुखरा असेल, तर ती खबर ताल मोडते. जनावर त्या पायावर कमी वेळ भार ठेवते, पाऊल आखडते, त्या पायावर भार येण्याच्या क्षणी डोके उचलते. जगभरच्या दुग्धव्यवसायात गायींची चाल 1 ते 5 गुणांत मोजण्याची पद्धत रूढ आहे आणि त्यात सर्वांत आधी पाहिली जाते ती पाठ. उभी असताना सरळ असलेली पाठ चालताना कमानीसारखी वाकली, की लंगडणे डोळ्याला दिसण्यापूर्वीच दुखणे सुरू झालेले असते. त्यासाठी यंत्र लागत नाही. कठीण, सपाट जागेवर जनावराला सावकाश चालवून बाजूने पाहावे लागते. गोठ्यात म्हशी बांधणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यातील दूध उत्पादकालाही हे करता येते आणि दूध घटण्याच्या आधी खुराचे दुखणे पकडता येते. शर्यतीच्या मैदानात मात्र ही तपासणी बैल छकड्याला जुंपण्यापूर्वी, गर्दी आणि हलगीपासून दूर आणि संथ चालीतच करावी लागते. बैल एकदा चौखूर झाला की भीतीच्या जोरावर तो दुखरा पायही तालात टाकतो आणि मग ती कमान कोणालाच दिसत नाही.